जालन्यानंतरची ओळ

आमच्या नात्यागोत्यात कुणालाही गाडीने लांब जायचं असलं की रस्ता मी ठरवून द्यायचे. गंमत अशी की मी स्वतः गाडी घेऊन नाशकातल्या गंगापूर रोडवरच्या घरातून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जाण्यापलीकडे कधी कुठे गेले नाही. अंबडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मी डिस्पॅच सांभाळते. आमचे अवजड सुटे भाग ट्रेलरवरून देशभर जातात. कुठला पूल बुटका आहे, कुठल्या घाटात ट्रेलर वळत नाही, हे मला खुर्चीत बसल्या बसल्या पाठ झालंय. ड्रायव्हरला मार्गाची चिठ्ठी लिहायची, खाली कार्बन घालायचा, वरचं पान त्याच्या हातात, खालचं वहीत. प्रत्येक थांब्यावरून तो फोन करतो आणि मी वहीत त्या ओळीपुढे खूण करते. आता ट्रेलर कुठे आहे ते पडद्यावर दिसतं, तरी मी वही सोडलेली नाही. साहेब लोक हसतात. हसू देत.

घरच्यांनाही मी तशीच चिठ्ठी द्यायचे, आणि त्या चिठ्ठीवर सगळ्यात जास्त भरवसा माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा. त्याने निवृत्त झाल्यावर गाडी घेतली आणि मग तो घरात टिकेना. नाशकात चाळीस वर्षं काढली, पण बोलणं नांदगावचंच राहिलं. "त्या फोनमधल्या बाईला काय कळतंय? आपली बाई हाय ना बसलेली," असं चारचौघांत म्हणायचा. मी वरवर चिडायचे, आतून सुखावायचे. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावरून त्याचा फोन ठरलेला. "पोचलो गं. मार खूण."

तीन वर्षांपूर्वी तो आणि वहिनी भुवनेश्वरला निघाले. त्यांची मुलगी लग्नानंतर तिकडे असते, तिने नवीन घर घेतलं होतं. "सोपा रस्ता दे," दादा म्हणाला, "तुझ्या वहिनीला खड्डे सोसत नाय." नागपूरपर्यंत दोन वाटा. एक जुनी, धुळे, जळगाव, अकोल्यावरून, गावागणिक गतिरोधक आणि ट्रकची गर्दी. दुसरी सिन्नरपासून नव्या महामार्गाने, ना सिग्नल, ना गाव, ना वळण. नागपूरपुढे रायपूर, संबलपूर सारखंच. मी दुसरी लिहिली, आणि लिहिताना शेखी मिरवावी तसं खाली घातलं, "सिन्नर ते नागपूर डोकं लावायचं काम नाही."

त्याच्या आधी काही महिने आमच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने असलीच चिठ्ठी मला परत केली होती. "मॅडम, सीधा रास्ता मत दो. नींद आती है. घाट दे दो." मी ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगून हसवलं होतं.

दादा साडेनऊला निघाला. आदल्या दिवशीपासून त्याचा पाय जमिनीवर नव्हता. पहाटे चारला उठून गाडी पुसली, मग पुरीभाजी खाऊन निघाला. सिन्नर, खूण. वैजापूर, खूण. पाऊण वाजता जालन्याहून फोन आला. मी जेवत होते. तो म्हणाला, "पोचलो. मार खूण. पण जरा डोळे जड झालेत गं."

मी म्हणाले, "आता थांबू नकोस. तिथे महामार्गावर धड जेवण मिळायचं नाही. पुढे मेहकर आहे, तासाभराचं काम, तिथेच जेव आणि पड."

"बरं," तो म्हणाला.

मेहकर आलंच नाही. गाडी दुभाजकावर गेली. दादा जागच्या जागी गेला, वहिनींचा डावा खांदा मोडला. पोलिसांकडून सामान परत आलं तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत माझी चिठ्ठी होती, घडी न मोडलेली. खालचं पान माझ्या वहीत आहे. कार्बनची निळी अक्षरं, तीन ओळींपुढे खुणा आणि मेहकरपुढे काही नाही.

तो फोन मी कुणाला सांगितला नाही. दिवसकार्याला आलेले म्हणत होते, डुलकी लागली असेल, कुणाच्या हातात असतं. मी मान हलवत होते.

तेव्हापासून पाऊण वाजला की माझा घास तोंडात फिरतो. डबा समोर, फोन पालथा ठेवलेला, तरी तो थरथरला असं वाटतं आणि मी उचलून बघते. काही नसतं. कधी नव्या चिठ्ठीत एखादं गाव लिहिताना कानाशी स्वच्छ ऐकू येतं, "मार खूण." मी मागे वळून बघायचे. आता वळत नाही, पण पेन थांबतं.

आणि मी रस्ते वाकडे करायला लागले. नागपूरला कुणीही निघालं की मी धुळे, जळगाव लिहायचे. शेजारचे काका म्हणाले, "अहो, हा द्राविडी प्राणायाम कशाला?" मी म्हणाले, तिकडे खायला चांगलं मिळतं. रायपूरला निघालेल्या मावसभावाला मी पार इंदूरवरून पाठवलं. तो कंटाळून पोचला आणि पुन्हा कधी माझ्याकडे चिठ्ठी मागितली नाही. मला बरंच वाटलं. मी त्याला जपलं, असं मी स्वतःला सांगितलं.

यंदा वहिनींनी चिठ्ठी मागितली. भुवनेश्वरच्या भाचीला दिवस गेले होते, सातवा लागला होता. खांदा बरा झाल्यावर वहिनींनी हट्टाने गाडी शिकून घेतली, बिनगिअरची, कारण डावा हात अजून पुरता उचलत नाही. त्यांची बहीणही चालवते, ती सोबत येणार होती. मी म्हणाले, विमानाने जा. म्हणाल्या, नाही. मी म्हणाले, रेल्वेने जा, सामानही नेता येईल. म्हणाल्या, "ताई, तुम्ही चिठ्ठी लिहा."

मी लिहिली. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचली. चांदवड, मालेगाव, धुळे.

"हा सोपा रस्ता?"

"त्या बाजूला वर्दळ असते, वहिनी. सोबत होते."

"तुम्ही सगळ्यांना याच रस्त्याने पाठवता. मला कळलंय." त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "दुसरी लिहा. सिन्नरवरून."

माझ्याने राहवेना. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम तोंडात आलं. मी म्हणाले, "वहिनी, जालन्याहून दादाचा फोन आला होता. तो म्हणाला होता—"

"डोळे जड झालेत," वहिनी म्हणाल्या. "फोन स्पीकरवर होता, ताई."

तीन वर्षं त्या माझ्याकडे येत होत्या, दिवाळीला फराळ देत होत्या, माझ्या दुखण्यात उशाशी बसल्या होत्या. आणि त्यांना माहीत होतं.

"पहिलं वर्ष तुमचं तोंड बघू नये असं वाटायचं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. तुमच्या घरचा चहासुद्धा गोड लागायचा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. पुसून झाला तरी पुसत होत्या. "फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, काय करू, थांबू का? मला कडकडून भूक लागली होती. मी म्हटलं, ताई सांगतात ना, मग चला की पुढे." मग म्हणाल्या, "त्यांनी दोघींना विचारलं. दोघींनी पुढेच ढकललं."

मला त्यांचा हात धरायचा होता, पण धरवला नाही. आम्ही रडलोही नाही. कुकरची शिट्टी झाली, मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन कार्बन सरळ केला. सिन्नर, वैजापूर, जालना. जालन्याच्या पुढे माझं पेन नेहमीसारखं अडलं. वहिनी वाट बघत होत्या. मेहकर लिहायच्या आधी मी मधे एक ओळ घातली, "डोळे जड असोत नसोत, जालन्यालाच अर्धा तास थांबणे." आणि डोकं लावायचं काम नाही, हे या वेळी लिहिलं नाही.

वहिनी मंगळवारी साडेनऊला निघाल्या. मी वही घेऊनच कारखान्यात बसले होते. सिन्नर, वैजापूर. जेवणाची सुट्टी झाली तसा मी डबा उघडला आणि तसाच ठेवला. वहीत नवं पान वर होतं, आणि जुनं पान कुठे आहे ते मला न बघता माहीत होतं. पाऊण वाजला. फोन आला नाही. एक वाजला. अंगातला सगळा जीव कानात आला. समोरची मुलगी म्हणाली, "मॅडम, जेवत का नाही?" मी तिला हातानेच गप्प केलं.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. या वेळी खरा.

"पोचले, ताई. जालना. उशीर झाला, बहिणीला उलटी झाली म्हणून हळू आलो. खूण करा."

मी खूण केली. रेघ वाकडी आली. "डोळे कसे आहेत?" मी विचारलं.

"छान आहेत. झोपबिप काही नाही. निघू का लगेच? मेहकरला जेवू."

"नाही," मी म्हणाले. "वहिनी, तिथेच थांबा."