फेट्यावर न बसणारा हेडफोन

आमचे दाजी श्रीमंत बिरादार यांच्याइतका सुखी माणूस अख्ख्या लातुरात सापडायचा नाही, कारण त्यांना घरातलं काहीच ऐकू येत नाही. कान शाबूत आहेत, पण कानांवर हेडफोन असतो. दाजी म्हणजे माझ्या सिंधुअक्काचे यजमान. पाटबंधारे खात्यात नोकरी, अंगात इस्त्रीचा एकच बरा शर्ट आणि डोक्यावर मोटारसायकलीच्या किमतीचं यंत्र. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते हेच.

हा हेडफोन आला तेव्हा दाजींनी तो आठवडाभर ऐकलाच नाही. नवा हेडफोन लोणच्यासारखा मुरवावा लागतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यासाठी त्यात नुसता फुसफुसाटाचा आवाज लावून तो दिवसरात्र तसाच ठेवायचा. दाजींनी तो कपाटात ठेवला आणि घरात कुणाला सांगितलं नाही. दुपारी कपाटातून फुस्स ऐकू आल्यावर अक्कानं शेजाऱ्यांना हाक मारली आणि शेजाऱ्यांनी सर्पमित्राला. तो बिचारा काठीनं साड्यांच्या घड्या उपसत होता, तेवढ्यात दाजी दारातून ओरडले, "हात लावू नका! मुरून राहिलाय त्यो!" सर्पमित्र दोन पावलं मागं सरला.

मग नियम सुरू झाले. फोनमधलं गाणं थेट यात घालायचं नाही, मधे एक काळी डबी लागते, ती आवाज स्वच्छ करते. आवाज निम्म्याच्या वर न्यायचा नाही. वायर आवळून गुंडाळायची नाही. ऐकून झालं की कानाच्या गाद्या मऊ फडक्यानं पुसायच्या, आणि ते फडकं अक्कानं धुवायचं, पण भांड्यांच्या साबणानं नाही. दमट हवा लागू नये म्हणून दाजी बुटांच्या दुकानांतून त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या मागून आणतात. उन्हाळ्यात गच्चीवर अक्का कुरडया वाळवते, शेजारी दाजी पुड्या वाळवतात, आणि दोन्हींवरचे कावळे अक्काच हाकते. ज्या गावाला एकदा रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात राहून हा माणूस दमट हवेला भितो!

सगळ्यात कडक नियम तेलाचा. केसांचं तेल गाद्यांत मुरलं की त्या कडक होतात, कानांवर नीट बसत नाहीत आणि आवाजातला भरदारपणा गळून जातो. हे खरं आहे, मला मान्य. पण म्हणून घरातून खोबरेल हद्दपार करायचं? त्यांची एकुलती पोर उज्वला डोक्याला तेल लावायला माझ्या घरी यायची.

एवढं करून दाजी ऐकतात काय? एक परदेशी बाई गाते. तिची भाषा दाजींना येत नाही, गाणंही फारसं आवडत नसावं. पण तिच्या तिसऱ्या ओळीनंतर मागं कुणाचीतरी खुर्ची कुरकुरते, आणि ती साध्या हेडफोनात ऐकू येत नाही. दाजी ती खुर्ची ऐकतात. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकावी लागते, आणि ऐकू आली म्हणेपर्यंत चहा येत नाही. मी पहिल्याच वेळी खोटं बोलून मोकळा झालो.

यंदा उज्वलाची सोयरीक निलंग्याच्या किशनरावांकडं जमत आली. त्यांचा शिवम आणि आमची उज्वला लातुरात एकाच प्रयोगशाळेत रक्त तपासतात. दोघांनी एकमेकांना पसंत करून ठेवलं होतं, जातपात, पाहुणे-रावळे सगळं जुळत होतं. घर बघायला मी आणि अक्का निलंग्याला जाऊन आलो. दाजी आले नाहीत, त्या रविवारी त्यांना नव्या गाद्या बसवायच्या होत्या. आम्ही परत आल्यावर त्यांनी त्या घराबद्दल एका शब्दानं काही विचारलं नाही.

आता राहिली होती फक्त मोठ्यांची बोलणी, आणि घोडं तिथंच अडायची भीती होती. किशनराव उसाचे बागायतदार, मानाला फार जपणारे. मागं एका घरी चहा उशिरा आला म्हणून शिवमची ठरत आलेली सोयरीक त्यांनी मोडली होती. उज्वलाचा जीव टांगणीला लागला. बोलणीच्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, पप्पांना तेवढं सांभाळा. आज सुपारी फुटली न्हाई तर पुन्हा फुटायची न्हाई." अक्कानं सकाळीच कपाटाला कुलूप घालून किल्ली कनवटीला लावली.

बोलणीला आलेल्या मोठ्या माणसाला आधी फेटा बांधायचा, मग तोंड उघडायचं, ही आमच्याकडची रीत. दाजींनी स्वतःच्या हातानं किशनरावांना गुलाबी फेटा बांधला, आणि खरं सांगायचं तर सुरेख बांधला. चहा वेळेवर आला. मी सुपारीचं ताट पुढं सरकवलं, आणि किशनराव म्हणाले, "बिरादारसाहेब, आमचा शिवम म्हनतो, तुमच्याकडं गानं ऐकायचं लई भारी मशीन हाय."

झालं! दाजींनी अक्कापुढं हात पसरला. पाव्हण्यांसमोर नाही म्हणता येईना. अक्कानं किल्ली दिली, पण ज्या नजरेनं दिली त्या नजरेनं दुसरा नवरा जळून गेला असता. दाजी हेडफोन दोन्ही हातांत धरून घेऊन आले आणि किशनरावांच्या डोक्यापाशी नेऊन थांबले. फेट्यावर हेडफोन बसत नाही.

"पाव्हणे," दाजी म्हणाले, "तेवढा फेटा काढता का?"

किशनरावांच्या मंडळी भामाबाई पदर खोचून उठल्या. "मग बांधला कशाला? आवो, उठा! मान देऊन काढून घेनाऱ्याच्या घरी सुपारी फोडायची व्हय?" मी हात जोडले. शिवम आईला खाली बसवू लागला. उज्वला कपांचा ट्रे धरून जागच्या जागी उभी होती.

पण किशनरावांना आता मशीन ऐकल्याशिवाय राहवेना. "बस गं जरा," म्हणत त्यांनी फेटा स्वतःच उतरवून मांडीवर ठेवला. खालचं डोकं खोबरेलानं न्हाऊन निघालं होतं. दाजींचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी खिशातून ते मऊ फडकं काढलं, होणाऱ्या व्याह्याचं डोकं पुसायला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी उठायच्या आत उज्वला ट्रे ठेवून पुढं झाली. तिनं बापाच्या हातातून हेडफोन घेतला आणि सरळ किशनरावांच्या तेलकट डोक्यावर चढवला.

दाजींनी गाणं लावलं. किशनरावांनी डोळे मिटले. "खुर्ची ऐकली का?" दाजी विचारत होते, पण कान झाकलेल्या माणसाला ते कुठलं ऐकू येणार! थोड्या वेळानं किशनराव भामाबाईंकडं झुकले आणि त्यांच्या समजुतीनं कुजबुजले. प्रत्यक्षात त्यांचा आवाज पार रस्त्यावर गेला.

"पोरगी लाखात एक हाय! बाप अर्धा येडा हाय, पन आपल्याला बाप थोडाच न्यायचाय? दुसरं काय मागू नको, ह्ये मशीन तेवढं माग!"

भामाबाईंनी कपाळावर हात मारला. किशनरावांनी हेडफोन काढून उज्वलाच्या हाती दिला, चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "आमची तशी काय अपेक्षा न्हाई. तुमच्या खुशीनं द्याल ते."

सगळे दाजींकडं बघू लागले. एका शब्दाचं काम होतं. 'न्या' म्हटलं असतं तर सुपारी फुटली असती.

दाजींनी घसा साफ केला. "तुमच्याकडं लाईट कशी असते? कमीजास्त होती का?"

"होती की," किशनराव गोंधळून म्हणाले.

"आन् धूळ?"

"उसाच्या गाड्या जाऊन राहिल्यात दारावरून. धूळ असनारच."

"घरात मान्सं किती? ह्याला धा जणांचे हात सहन होत न्हाईत बगा. रोज काळजी कोन घेनार? वर पत्रा हाय का स्लॅब? पत्र्याखाली उन्हाळ्यात हाल होतील हो ह्याचे. ह्याला सवय न्हाई."

"पप्पा," उज्वला म्हणाली, "त्या घरात मी बी जानार हाय."

किशनराव तिच्याकडं बघत राहिले, मग दाजींकडं. "ऱ्हाऊ द्या तुमचं मशीन," ते म्हणाले, या वेळी खरंच हळू आवाजात. "पोरगी देता का, तेवढं सांगा."

दाजींनी सुटकेचा केवढा मोठा श्वास सोडला! "हाव, हाव! पोरगी न्या की! कवाबी न्या!"

अडकित्ता भामाबाईंनीच उचलला आणि सुपारी फोडली. अक्का तोंडाला पदर लावून आत निघून गेली. उज्वलानं मांडीवरचा फेटा उचलून किशनरावांच्या हातात दिला, वाकून त्यांच्या पाया पडली, आणि मग हेडफोन बापापुढं धरला. नव्या गाद्या तेलानं चमकत होत्या.

"घ्या," ती म्हणाली. "पुसून घ्या."

दाजींनी फडकं काढलं आणि पुसायला बसले.