कॅरमवरचं गाव

दवाखान्यात शेवटच्या दिवशी हिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी मागते. पण तिनं विचारलं, "पंखा बंद करून आले न जी?" मी हो म्हटलं. थोडं थांबून म्हणाली, "ते एक घर राहूनच गेलं..." संध्याकाळी ती गेली. माझी बायको, सुमन. आता भेटायला येणारेही यायचे थांबले, म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, नोकरी खापरखेड्याच्या वीजघरात कोळशावर झाली. सजवून लिहिणं जमत नाही. झालं तसं सांगतो.

सुमनचं गाव सालईटोला. रामटेकच्या वर जंगलाला लागून होतं, आता धरणाच्या पाण्याखाली आहे. ती कडेवर असतानाच तिच्या बापानं गाव सोडलं आणि नागपूरच्या इतवारीत हमाली धरली, त्यामुळे तिनं ते कधी पाहिलंच नाही. मायबाप होते तोवर विचारलं नाही, ते गेल्यावर विचारावंसं वाटू लागलं. सगळ्यांचं असंच होते. आम्हाला मूलबाळ नाही, म्हातारपणी वेळच वेळ. कोणीतरी तिला सांगितलं, जुन्या जनगणनेत घराण्याचं सापडते. झालं, मला घेऊन ऑफिसात गेली. तिथला साहेब माणूस बरा होता. म्हणाला, बाई, माणसांची नावं आम्ही कोणाला दाखवत नाही, गावाचे आकडे तेवढे पुस्तकात मिळतील. लायब्ररीत जिल्ह्याचं जुनं पुस्तक निघालं. एका ओळीत अख्खं गाव. घरं इतकी, माणसं इतकी, बाया इतक्या. बस. मी म्हटलं, नावंच नाहीत तर या पुस्तकाचं करायचं काय, त्यावर पापड वाळवायचे? ती त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "मीही यातच मोजलेली आहो."

घरी आल्यावर तिनं माळ्यावरचा कॅरमबोर्ड काढायला लावला. पुस्तकात जितकी घरं तितके चिंचोके मोजून घेतले. निळा दोरा आडवा टाकला, तो नाला. मग तिच्या रामटेकच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथं तिची गंगूआत्या राहते, बापाची धाकटी बहीण, धरणाचं पाणी येईपर्यंत गावातच होती. आत्यानं सांगावं, विहिरीजवळ अमक्याचं घर, त्याच्या मागं दोघा भावांचं, आणि हिनं नागपूरला येऊन एकेक चिंचोका मांडावा. तिच्या बापाचं घर जागेवर लागलं त्या दिवशी शिरा केला. बोर्ड दिवाणावर, म्हणजे मला दुपारी लवंडायची सोय नाही. पंखा एकवर, भर उन्हाळ्यातही. वाढवला की म्हणायची, कमी करा न जी, गाव उडून जाईन. मी एकदा म्हटलं, एकदा बुडालं, आता उडू दे. त्यावर दोन दिवस वरणात मीठ नव्हतं.

शेवटी सगळी घरं लागली आणि एक चिंचोका उरला. हिनं पुन्हा मोजले. पुन्हा रामटेक. आत्यानं बोटांवर मोजमोजून हिशेब केला आणि हात झटकले. कोणाचंच घर राहिलं नाही म्हणाली. मी म्हटलं, मोजणाऱ्यानं चुकून गोठा मोजला असन. हिला ते पटलं नाही. "उद्या आपल्यालेही कोणी गोठा म्हणन," म्हणाली, आणि तो चिंचोका चष्म्याच्या डबीत ठेवून दिला. पुढं वर्षभर चष्मा काढला की तो डबीत खडखडायचा. आजारपणातही.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी यंदाच्या जनगणनेची बाई दारात आली. शाळेतली मास्तरीण, हातात मोबाइल, घामानं भिजलेली. पाणी दिलं. तिनं विचारलं, "काका, घरात किती जण?" एक, म्हटलं. कुटुंबप्रमुख कोण, म्हणाली. मी म्हटलं, "मीच प्रमुख आणि मीच कुटुंब." ती हसली, मग तिला भिंतीवरचा नवा फोटो दिसला आणि तिनं मान मोबाइलमध्ये घातली. मी विचारलं, एकट्या माणसाचंही घर धरता का तुम्ही? "धरावंच लागते काका. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं." दारावर नंबर टाकून ती शेजारी गेली. मी तिथंच खुर्चीत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी रामटेकची बस धरली.

आत्या सुपात तांदूळ निवडत होती. मी घर विचारलंच नाही. म्हटलं, "आत्या, तुमच्या गावात एकटं कोण राहे?"

तिनं मान वरही केली नाही. "भुरी होती न. नवरा लवकर गेला, लेकरू नाही. नाल्यापलीकडं चिंचेखाली झोपडी होती तिची. कोणाचं बाळंतपण असो, मयत असो, पहिले भुरी हजर."

"सुमन वर्षभर विचारून राहिली होती. काहून नाही सांगितलं तिले?"

"सुमन घरं विचारे, जावईबापू. भुरीचं कायचं घर... एकटीच तर होती." एवढं बोलली आणि तिचे हात सुपातच थांबले. माझ्याकडं पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून चहा करायला उठली.

घरी आलो तेव्हा ऊन उतरायचं होतं. सांगायला कोणी नव्हतं. इतकं जपून आणलेलं उत्तर, आणि ज्या माणसाला पाहिजे होतं तेच माणूस नाही... चष्म्याची डबी उघडली, चिंचोका काढला आणि निळ्या दोऱ्याच्या पलीकडं ठेवला. बाकीच्या घरांपासून जरा दूर पडतो. पण गाव पुरं झालं.

बोर्ड अजून दिवाणावरच आहे. मी खाली चटईवर लवंडतो. नागपूरचा उन्हाळा आहे, अंगाची लाही होते, शेजारचे म्हणतात कूलर लावा. पंखा मी एकवरच ठेवतो.