काकूची चिनी थाळी आणि आमचा तिसरा अंक

आमच्या काकूकडे फिक्या हिरव्या रंगाची जुनी चिनी थाळी आहे. तिच्या आजेसासऱ्यांनी ती रंगूनहून आणलेली. झिलईखाली एक ड्रॅगन वेटोळं घालून बसलाय. काकूच्या लेखी तो नागोबाच. पाय असले तर असोत. नागपंचमीला ती त्याला दूध-लाह्या वाहते. नागपूरच्या एका जाणकाराने थाळी उजेडात धरून या हिरव्या झिलईच्या चिनी भांड्यांचं 'सेलॅडॉन' असं नाव सांगितलं. अशा थाळीत विष वाढलं की ती तडकते, असा जुना समज असल्याचंही सांगितलं. झालं! चिचगडच्या मंडईच्या जत्रेसाठी आम्ही नाटक बसवत होतो, त्यात मी लगेच विषाचा प्रवेश घुसवला.

राजा अर्थातच मी. पहिल्या अंकात खरी थाळी मिरवायची, तिसऱ्यात राजाने ती आपटून फोडायची. फोडण्यासाठी कुंभाराकडून मातीची जुळी थाळी करून, हिरवी रंगवून, वर ड्रॅगनही काढून घेतला. काकूचा मात्र कुणावर भरवसा नाही. पहिला अंक संपताच ती स्वतः पडद्यामागे आली आणि आपली थाळी पिशवीत घालून पुन्हा पुढच्या रांगेत जाऊन बसली.

तिसरा अंक. प्रधानाने थाळी पुढे केली. मी ती डोक्यावर उचलली, गर्जना केली आणि माझी अंगठी काठाला लागली.

टण्ण!

माती अशी वाजत नाही.

हात वरच थिजले. घामाने थाळी बोटांतून सरकू लागली.

"काऊन थांबला बे बाबू?" काकूच ओरडली. "फोड ना!"

झालं, सगळा मंडप सुरू. "फोड! फोड!"

"फेको ना महाराज," प्रधान दात आवळून म्हणाला आणि मदतीला हात पुढे करू लागला.

"खबरदार!" मी गरजलो. "या थाळीचा निवाडा प्रजा करेल!"

थाळी छातीशी धरून मी पायऱ्या उतरलो. लोकांना हाही नाटकाचाच भाग वाटला. काकूसमोर वाकलो.

"माते, तुमची थाळी मला द्या. ही घ्या."

"माही कायले देऊ? नाटक करून राहिला का?"

"नाटकच करून राहिलो, काकू," मी पुटपुटलो आणि अंगठीने काठ पुन्हा वाजवला.

तिने पिशवीत हात घालून आतल्या थाळीला टिचकी मारली. भद्द. काकूचा चेहरा पांढराफटक पडला. एका हाताने तिने माझ्याकडची थाळी ओढून पदराखाली घेतली, दुसऱ्याने मातीची काढून माझ्या पायांशी दाणकन आपटली. मी खरोखरच उडालो. मंडपात शिट्ट्याच शिट्ट्या.

"आता बोल पुढचं," ती म्हणाली.

मला एकही ओळ आठवेना.