पेवातला कंदील

हळद साठवायचं जमिनीतलं खोल पेव उघडलं, की पेवावरचा हमाल आधी दोरीने पेटता कंदील आत सोडायचा. कोंडलेल्या हवेत ज्योत टिकली, तरच स्वतः उतरायचा. माझा धाकटा भाऊ त्याला सांगायचा, की माणसं चंद्रावर चालून आली, उद्या तिथे घरंही बांधतील. तो हसायचा. "गड्या, जितं कंदील जळत न्हाई, तितं माणसाचं काय काम रं?"

भाऊ वारला, त्या वर्षी हळद काढायला मी एकटाच पेवांवर गेलो. सकाळच्या आभाळात फिकट चंद्र अजून होता. हमालाने कंदील पेटवला, पण आत सोडला नाही. दोरी हातात धरून वर चंद्राकडे बघत राहिला.

"मास्तर, जळंल तितंबी," तो हळूच म्हणाला. "कुणीतरी आदी उतराय पायजे."