विमलताईंचा वैशाख

लग्न होऊन मी पांढरकवड्याजवळच्या त्या तलावाकाठच्या वसाहतीत आले, त्याच्या दुसऱ्याच पहाटे कुणीतरी दारात थाळी बडवू लागलं. दार उघडलं तर पांढऱ्या पातळातल्या, ठेंगण्या बाई. "काहून वं, झोपली का अजून? सुतारपक्षी कधीचा कामाले लागला!"

या विमलताई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. वसाहतीत वीसेक कौलारू घरं, बहुतेक निवृत्त नोकरदारांची. दर वैशाखात महिनाभर ताईंचा कार्यक्रम चाले: पहाटे जंगलात फेरी, संध्याकाळी कडुनिंबाखाली गाणी, नकला, नाटुकली. थाळीच्या आवाजानं पक्षी उडून जातात, अशी तक्रार केली की म्हणत, "पक्षी येतीन वापस. माणूस एकदा झोपला का झोपला!"

एका वर्षी कापसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला. शेजारच्या गावात कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं. वसाहतीचे अध्यक्ष नानासाहेब म्हणाले, "यंदा बंद ठेवू. गाव असं असताना गाणी बरी दिसत नाहीत." दुसऱ्या दिवशी ताई सकाळी मला घेऊन गावात गेल्या.

तिथली शेतकरीण पार्वताबाई अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, मोडत बसली होती. तिची कपाशी पार गेली होती. ताईंनी सगळं सांगितलं. पार्वताबाईनं हातातली काडी खाली ठेवली.

"आमच्यासाठी कायले बंद करता, सिस्टर? आमाले तं तुमी कधी बलावलंच नाही."

ताईंचा चेहरा उतरला. कार्यक्रम सुरू होऊन अकरा वैशाख झाले होते. त्या तिथंच जमिनीवर बसल्या. "चुकलं माह्यं," म्हणाल्या. "आता बलावतो. येशीन?"

पार्वताबाई आली, आणि गाव घेऊन आली. पहाटेच्या फेरीत नानासाहेब पुस्तक उघडून झाडाचं नाव शोधेपर्यंत ती त्याचा पाला, साल, औषध सांगून पुढच्या झाडापाशी पोचलेली असे. संध्याकाळी तिनं खरेदी केंद्रावरच्या साहेबाची नक्कल केली. चिमूटभर कापूस डोळ्यांशी धरला, नाक मुरडलं, "ओला आहे, परत ने!" गावातली माणसं आधी दचकली, मग पोट धरून हसली. एक म्हातारा हसता हसता डोळे पुसू लागला. ताईंचा तर चष्माच खाली पडला.

दोन वर्षांनी ताई मुलीकडे नागपूरला राहायला निघाल्या. कार्यक्रमाची वही त्यांनी आमच्यापैकी कुणाला न देता पार्वताबाईच्या हातात ठेवली. आम्ही जरा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू? पुढच्या वैशाखात कार्यक्रम गावात, चिंचेखाली झाला. आम्ही वसाहतीतली माणसं सतरंज्या डोक्यावर घेऊन चालत गेलो, नानासाहेब सगळ्यांत पुढे.

मी फोन करून ताईंना सांगितलं. त्या हसल्या.

"मंग बरंच झालं वं, मी नागपूरले आली ते."