मेला नवरा मांडवी आला

धसईच्या आसपास रंगूबाईशिवाय लग्न लागत नसे. भटजी असायचे, पण ते मंगलाष्टकांपुरते. बाकी सगळा कारभार रंगूबाईचा. ती धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले गाणारी बाई. धवल्यात नवऱ्याचं नाव गुंफायचं असतं आणि ते चुकलं तर संसार चुकला, अशी आमच्याकडे पक्की समजूत. चाळीस वर्षांत रंगूबाईचं एकही नाव चुकलं नव्हतं. त्याचा तिला इतका ताठा, की वैशाखरे गावच्या गोजर धवलारणीला ती कोंबडी म्हणायची.

२००३च्या भाद्रपदात रंगूबाई चुलीपुढे कलंडली. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. सगळंच गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण दोन शब्द राहिले. मेल्या आणि मुडद्या. पाणी हवं, मेल्या. भूक लागली, मुडद्या. सरपंच विचारपूस करायला आले, त्यांना दोन्ही मिळाले. मी शेजारचा मास्तर. मला एरवीही तेच मिळायचे, त्यामुळे मला फारसा फरक जाणवला नाही.

सून अनिता मात्र भडकली. "शिव्या बरोब्बर सुचतात नि पानी मागता येत नाय? नाटक करते म्हातारी!" वीस वर्षं सासूची बोलणी खाल्लेली बाई ती. तिला संशय यायचाच.

मुलगा महिपत आईला मुरबाडला डॉक्टरकडे घेऊन गेला, मीही सोबत गेलो. डॉक्टर तरुण होता, नवीन संशोधन वाचणारा. म्हणाला, मेंदूच्या डाव्या बाजूला बोलण्याची जागा असते, तिथला रक्तपुरवठा अडला. शिव्या आपण विचार करून देत नाही, त्या तोंडात बसलेल्या असतात, म्हणून त्या वाचल्या. गाण्याला मेंदूची उजवी बाजूही हात देते. "आजी, एखादं गाणं म्हणा बघू."

रंगूबाईनं त्याला मुडद्या म्हटलं आणि नवरा मांडवात येतानाचा धवला सुरू केला. शब्द न् शब्द स्पष्ट. बाहेरचे पेशंट उठून बघायला आले. फक्त नावाच्या जागी भलतंच आलं: "मेला नवरा मांडवी आला गो."

डॉक्टर खूश झाला. पाठ असलेलं असंच येईल, म्हणाला. नवे शब्द चालीत बसवा, डाव्या हातानं ताल धरायला लावा, हळूहळू जमेल.

अनितानं हे ऐकून हातच जोडले. "आता तर गातेपन! मंग बोलायला काय धाड भरली?"

माघात नात रेश्माचं लग्न होतं, नवरा खर्डीचा शेखर. हे एक लग्न रंगूबाईला स्वतः गायचं होतं. अनिता म्हणाली, गोजरला बोलवा, भर मांडवात जावयाला मेला म्हटलेलं मला चालायचं नाय. गोजरचं नाव ऐकून म्हातारी रडली. वाकड्या तोंडामुळे ते रडणं हसण्यासारखं दिसलं आणि अनिताला तेही नाटक वाटलं. मला त्या दिवशी तिचा राग आला, खोटं कशाला बोलू?

रेश्मा हट्टाला पेटली. चार महिने ती आजीचा डावा हात मांडीवर आपटत शिकवत राहिली. पानी दे गो, भात वाढ गो, सगळं धवल्याच्या चालीवर. रंगूबाईला परसाकडे जायचं असलं तरी आळीत लग्नघर असल्यासारखं वाटायचं. शेखर हे नाव मात्र येईना. तोंड उघडलं की मेला बाहेर.

लग्नाच्या दिवशी गोजर गजरा माळून मांडवात राखीव बसली होती. नवरा दारात आला, रंगूबाईनं धवला उचलला. नावाची जागा आली आणि ती थांबली. ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा ताठलेल्या, हात मांडीवर आपटतोय, डोळ्यांतून पाणी. मेला बाहेर येऊ नये म्हणून ती जिवाच्या करारानं दाबून धरत होती.

अनिता आरतीचं ताट घेऊन शेजारीच उभी होती. सासूला शिवी देताना तिनं वीस वर्षं पाहिलं होतं. गिळताना पहिल्यांदाच पाहिलं.

"शेखर," अनितानं सूर लावला. जन्मात न गायलेली बाई, आवाज फाटका, पण नाव बरोबर. "नवरा मांडवी आला गो," रंगूबाईनं पुढे उचललं. धवल्यात नाव पाच वेळा येतं, पाचही वेळा ते सुनेनं घातलं, बाकीचा धवला सासूनं ओढला. गोजरवर नुसतं जेवून जायची पाळी आली.

वरात गेल्यावर अनिता सासूपुढे बसली. "आई, माजं चुकलं. मी तुमाला ढोंगी म्हनली."

रंगूबाईनं डावा हात तिच्या गुडघ्यावर आपटला आणि चालीवर म्हणाली, "बेसूर गो अनिता, बेसूर."

हे दोन्ही शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. अनितानं पदर तोंडात धरला. रडणं आवरल्यावर म्हणाली, "आई, परत म्हना."