नाळ पुरायला लावणाऱ्या कौसामावशी

बाळ रडलं की आमच्या कौसामावशी आधी नाळेकडं बघत, बाळाकडं नंतर. सेनगाव तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात मी नर्स आणि त्या मदतनीस; पण बाळंतिणी माझं ऐकतील तर शपथ. नाळ आणि वार गाडग्यात घालायची, वर हळदकुंकू, आणि बापाच्याच हातानं अंगणात गुडघाभर खोल पुरायची. हयगय केली की मावशी बापालाही झापत.

एकदा शहरातल्या रक्तपेढीची माणसं पिशव्या घेऊन आली. नाळेतलं रक्त एरवी वायाच जातं, ते दान केलं तर रक्ताचा आजार असलेलं एखादं लेकरू वाचू शकतं, असं त्यांनी समजावलं. मीही घरोघर सांगत फिरले. माझ्यामागून मावशी एकच सांगत गेल्या, "नाळ परक्याच्या दारी गेली की लेकरू घरी टिकत न्हाई." झालं. एकही पिशवी भरली नाही. मी आठवडाभर मावशींशी बोलले नाही.

पुढं त्यांच्या नातवाला, शिवाला, थॅलेसेमिया निघाला. दर वीस दिवसांनी रक्त चढवायचं. कायमच्या उपचारासाठी हाडातला मगज बदलायला हवा होता, पण घरात कुणाचाच जुळेना. डॉक्टर म्हणाले, दान आलेल्या नाळेच्या रक्तात जुळणारं मिळालं तर आशा आहे. शोधलं, मिळालं नाही. आपल्याकडं देणारेच थोडे.

मग मावशी गरोदर पोरींच्या पाया पडू लागल्या. पोरी त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवत. साखरा गावची एक पोर तेवढी म्हणाली, "घ्या मावशी, माझ्या लेकराचं घ्या." तिचे दिवस भरत आले होते. मी घाईनं रक्तपेढीला फोन लावला. तुमच्या भागातून घेणं आम्ही कधीच बंद केलंय, म्हणाले. मावशी शेजारीच उभ्या होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण रडूच आलं.

शिवा आठव्या वर्षी गेला. तेरावा झाल्यावर मावशी कामावर आल्या. फरशी पुसत, चादरी बदलत, पण नाळेबद्दल कुणाला काही सांगत नसत. न राहवून मी म्हणाले, "मावशी, पुन्हा सांगा ना बायकांना. रक्तपेढीला मी परत विनवते. शिवा गेला, पण दुसऱ्यांची लेकरं आहेत की."

त्यांनी पदराला हात पुसले.

"दुसऱ्याच्या लेकराची कळ मला आली असती, तं तवाच देऊ दिलं नसतं का, बाई?"